एक पदवी हातात असताना परदेशात पुन्हा पदवीला जायचं असेल तर

जळकोटहून नळदुर्ग, उमरगा किंवा सोलापूरच्या कॉलेजला एसटीने ये-जा करून पदवी घेतलेली आमची जुनी मुलं-मुली निकाल लागला की शाळेत भेटायला येतात. पूर्वी प्रश्न ठरलेला असायचा : "सर, बीएड करू की एमपीएससी?" अलीकडे वेगळा प्रश्न येऊ लागला आहे. बीकॉम झालेली मुलगी विचारते, "सर, मला नर्सिंग शिकायचंय, तेही बाहेरच्या देशात. पुन्हा पहिल्या वर्षापासून घेतात का? एकदा ग्रॅज्युएशन झालं की दुसऱ्यांदा करता येत नाही म्हणतात." तिच्या मागे तिचे अब्बा उभे असतात. त्यांचा प्रश्न त्यांनी न विचारताही कळतो : पैसा किती, आणि बुडणार तर नाही ना?

दुसऱ्यांदा करता येतं. पण हा दरवाजा अरुंद आहे. प्रत्येक देशात त्याची कडी वेगळ्या जागी आहे, आणि शिष्यवृत्त्यांचा बहुतेक पैसा या दरवाजातून आत जातच नाही. म्हणून एजंटाकडे जायच्या आधी काय माहीत असावं, ते इथे एका ठिकाणी लिहितो आहे.

दुसरी पदवी म्हणजे काही नवल नाही. आपल्याकडचं बीएड आणि तीन वर्षांचं एलएलबी या दोन्ही पदव्या पहिली पदवी झाल्यावरच मिळतात. त्या हिशेबाने मी स्वतः दोन पदव्यांचा धनी आहे, आणि आमच्या स्टाफरूममधले सगळेच.

परदेशात जाऊन दुसऱ्यांदा पदवी घेणारेही आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत. रँग्लर परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊनच केंब्रिजला गेले. तिथे पुन्हा पदवीच्याच वर्गात बसले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले आले. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ ला बनारस हिंदू विद्यापीठाचे बीएस्सी झाले, आणि केंब्रिजची बीए पदवी त्यांनी त्यानंतर घेतली. अल्लामा इक्बाल लाहोरचे एमए होते, काही वर्षं शिकवत होते, तरी १९०७ साली त्यांनी केंब्रिजची बीए घेतली. डॉ. मनमोहन सिंग पंजाब विद्यापीठाचे एमए होऊन केंब्रिजला गेले आणि १९५७ ला तिथली अर्थशास्त्राची पदवीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले.

मला यात सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते के. आर. नारायणन यांचं. केरळमधलं गरीब दलित घर, त्रावणकोर विद्यापीठाचं इंग्रजीचं एमए, थोडी पत्रकारिता. मग टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि १९४८ मध्ये तिथली बीएस्सी पदवी घेतली. एमए झालेला माणूस बीएस्सीला बसला, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले.

हे सगळं खरं असलं तरी त्या काळी हुशार मुलासाठी पदवीच्या शिक्षणालाही शिष्यवृत्ती मिळत होती. आज तसं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुन्हा पदवीच लागते का, हे आधी पाहा

माझ्याकडे आलेल्या दहातल्या सहा-सात जणांना दुसऱ्या पदवीची गरजच नसते. त्यांना विषय बदलायचा असतो, आणि विषय बदलायला दर वेळी पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागत नाही.

ब्रिटनमध्ये 'कन्व्हर्जन' प्रकारचे एमएस्सी अभ्यासक्रम आहेत. बीए किंवा बीकॉम झालेला विद्यार्थी एका वर्षात कॉम्प्युटर सायन्सचं एमएस्सी करू शकतो. मानसशास्त्रासाठी तसाच अभ्यासक्रम आहे. कायद्यासाठी पदवीनंतरचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. नर्सिंगसाठी काही विद्यापीठांत पदवीधरांना दोन वर्षांत नोंदणीपर्यंत नेणारं एमएस्सी आहे. अमेरिकेत दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगचा जलद बीएसएन अभ्यासक्रम असतो, साधारण १२ ते १८ महिन्यांचा. तो कागदोपत्री दुसरी बॅचलर पदवीच, पण चार वर्षं जात नाहीत.

याचा फायदा फक्त वेळेचा नाही. केंद्राची आणि राज्याची मदत असो, नाहीतर चेव्हनिंग, फुलब्राइटसारख्या परदेशी शिष्यवृत्त्या असोत, आपल्या पदवीधरांसाठी त्या मास्टर्स किंवा त्यापुढच्या शिक्षणालाच असतात. त्यामुळे तोच विषय एमएस्सी म्हणून मिळत असेल तर बीएस्सीच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दुसरी पदवी खरंच कुणाला लागते? ज्या पेशात मूळ पदवीशिवाय प्रवेशच नाही त्यांना : डॉक्टरी, काही देशांत नर्सिंग, आर्किटेक्चर, इंजिनिअरिंगच्या काही शाखा. किंवा ज्याचा पहिला विषय इतका वेगळा आहे की पायाच नाही. उर्दू साहित्यात बीए केलेल्या मुलाला थेट भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला कुणी घेणार नाही. अशांनी पुढचं वाचावं.

कोणता देश काय म्हणतो

ब्रिटनपासून सुरू करतो, कारण तिथली पद्धत सगळ्यात उघड आहे. पदवीचे अर्ज 'युकास' या एकाच यंत्रणेतून जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबरच्या सुमारास, बाकी बहुतेकांसाठी जानेवारीच्या मध्यावर. तिथल्या स्वतःच्या नागरिकांना दुसऱ्या पदवीसाठी सरकारी कर्ज सहसा मिळत नाही. आपल्याला ते तसंही मिळत नसतं, म्हणून त्या नियमाचा आपल्या मुलांना फटका नाही. भारतातून पहिल्यांदा व्हिसा मागणाऱ्याला 'तुझ्याकडे आधीच पदवी आहे' म्हणून सरसकट अडवणारा नियमही नाही. अट आहे ती तिथेच एक कोर्स करून दुसरा घेणाऱ्यांना : नवा कोर्स आधीच्यापेक्षा वरचा असावा लागतो, किंवा त्याचं सबळ कारण द्यावं लागतं.

ऑक्सफर्डमध्ये पदवीधराला 'सीनियर स्टेटस' आणि केंब्रिजमध्ये 'अफिलिएटेड' विद्यार्थी म्हणून घेण्याची सोय आहे. या वाटेने तीन वर्षांची पदवी दोन वर्षांत होते. मात्र सगळी कॉलेजं आणि सगळे विषय त्यात नसतात, आणि केंब्रिजमध्ये परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या फीशिवाय कॉलेजची वेगळी फी पडते. अमर्त्य सेन कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९५३ ला बीए झाले आणि १९५५ ला त्यांनी केंब्रिजची बीए घेतली, हे इथे आठवतं.

खर्चाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी बऱ्याच ठिकाणी १५ ते ३० हजार पौंडांच्या दरम्यान असते. वर राहण्याखाण्याचा पैसा खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये महिना १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा धरतात, आणि ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. शेजाऱ्याकडून आठ दिवस उसने घेऊन पासबुक भरण्याची युक्ती तिथे चालत नाही. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड वेगळा.

लग्न झालेल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला नवरा, बायको, मुलं सहसा सोबत नेता येत नाहीत. कॅनडातही जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट २०२५ पासून आवळलं आहे. साध्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ते मिळत नाही, ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना सूट आहे. निकाह ठरवताना "दोघं मिळून जातील" असं गृहीत धरणाऱ्या घरांनी हे आधी वाचावं.

जर्मनीची गोष्ट वेगळी, आणि कमी पैशात शिकायचं असेल तर विचार करण्यासारखी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीला ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान भरायचं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. नुसती आपली बारावी घेऊन गेलेल्या मुलाला जर्मन विद्यापीठ सहसा थेट घेत नाही. पण इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचा अभ्यास झालेला असेल तर त्याच विषयाच्या जवळच्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेशाची वाट उघडते. म्हणजे जी पहिली पदवी आपल्याला ओझं वाटते, तीच तिथे किल्ली ठरते. बीएस्सी गणित झालेल्याला इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे जायला ती कामाला येऊ शकते.

अट आहे भाषेची. जर्मनीतलं पदवीचं शिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये चालतं आणि सी-१ च्या आसपासची पातळी लागते. शून्यापासून तिथवर जायला आमच्यासारख्या मराठी-उर्दू माध्यमाच्या मुलांना नेटाने दीड-दोन वर्षं लागतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आहेत, ऑनलाइनही आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्यात दहावीपासूनची सगळी कागदपत्रं तपासली जातात. आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगणारे हा आकडा सहसा शेवटी सांगतात.

कॅनडात पदवीधरांसाठीच आखलेल्या दुसऱ्या पदव्या आहेत. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची बॅचलर ऑफ कॉम्प्युटर सायन्स ही दुसऱ्या विषयात पदवी झालेल्यांसाठीच आहे. नर्सिंग आणि बीएडचे 'आफ्टर डिग्री' अभ्यासक्रमही काही विद्यापीठांत आहेत. २०२४ पासून स्टडी परमिटसाठी पदवीच्या विद्यार्थ्याला प्रांताचं पत्र लागतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. लवकर व्हिसा देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. अजून तिच्या नावाने जाहिराती दिसल्या तर दोन पावलं मागे सरा.

अमेरिकेत कॉलेजागणिक नियम बदलतो. नावाजलेल्या कॉलेजांपैकी अनेकांना पदवीधर विद्यार्थी पुन्हा पदवीच्या वर्गात नको असतो, हे त्यांच्या प्रवेशाच्या पानावर एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय अर्जाची फी भरू नका. ज्या सरकारी विद्यापीठांत घेतात तिथे आधीच्या पदवीचे क्रेडिट मोजून घेतात, आणि नव्या पदवीसाठी किमान ३० क्रेडिट तरी तिथेच करा असा साधारण दंडक असतो. ओरेगन स्टेट विद्यापीठाची कॉम्प्युटर सायन्सची पदवीधरांसाठीची दुसरी पदवी पूर्ण ऑनलाइन आहे. ती घरबसल्या करता येते, पण ऑनलाइन शिक्षणावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

तुर्कस्तानच्या सरकारी शिष्यवृत्तीबद्दल आपल्या भागात फार विचारतात. पदवीसाठी वय २१ च्या आत लागतं. आपला मुलगा पदवीधर होईपर्यंत ते उलटून गेलेलं असतं. मास्टर्ससाठी मात्र मर्यादा ३० ची आहे, तिथे जरूर प्रयत्न करावा.

एमबीबीएसची गोष्ट वेगळी लिहावी लागते

आमच्या बाजूला लातूर आहे. नीटच्या क्लाससाठी पोरं तिथे खोल्या घेऊन राहतात. मार्क कमी पडले की बीएस्सी किंवा बी-फार्म करतात, आणि पदवी झाल्यावर कुणीतरी सांगतं की किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, रशियात एमबीबीएस होतं. आमच्या पट्ट्यात 'परदेशात दुसरी पदवी' म्हणजे बहुतेक वेळा हेच.

याला कायद्याने बंदी नाही. नीटला वयाची वरची मर्यादाही आता नाही. पण नीट पास असल्याशिवाय परदेशातलं एमबीबीएस भारतात धरलं जात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी, आणि त्या देशात डॉक्टरी करण्याची परवानगी मिळण्याजोगी ती पदवी असावी. यातली एक अट चुकली तरी भारतात नोंदणी होत नाही.

इथे पदवीधर मुलं एका खास सापळ्यात सापडतात. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम असतो. पहिली पदवी आहे म्हणून एक-दोन वर्षं वाचतात, ऐकायला छान वाटतं. पण चार वर्षं म्हणजे ४८ महिने, आणि आपला नियम ५४ चा आहे. तिथेच राहून डॉक्टरी करायची असेल तर ठीक. परत येऊन उमरग्यात दवाखाना टाकायचा असेल तर ही वाट बंद आहे.

परत आल्यावर एफएमजीई परीक्षा असते. अलीकडच्या परीक्षांत तिचा निकाल शंभराला वीस-तीसच्या आसपासच राहिला आहे. बावीसाव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलाने सहा वर्षं शिक्षण, मग ही परीक्षा, मग इथली इंटर्नशिप असा हिशेब मांडावा. वय तिशीला टेकतं. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. माझा एक विद्यार्थी याच वाटेने डॉक्टर होऊन आला आहे आणि चांगलं काम करतो आहे. पण त्याच्या अब्बांनी त्यासाठी महामार्गालगतचा प्लॉट विकला, आणि पहिल्या दोन प्रयत्नांत तो परीक्षेत नापास झाला, हेही त्याच गोष्टीत येतं.

पैसा कुठून येणार

सरळ सांगायचं तर दुसऱ्या पदवीसाठी सरकारी शिष्यवृत्ती जवळजवळ नाहीच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'पढो परदेश' ही व्याजात सवलत देणारी योजना होती. तीही मास्टर्स आणि पीएचडीसाठीच होती, आणि २०२२-२३ पासून ती बंद आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट अजून कर्जरूपाने मदत करतो, पण आता तोही पदवीनंतरच्या शिक्षणालाच.

राहतं ते कर्ज. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचं शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. त्याची मर्यादा परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांपर्यंत, आणि कमी उत्पन्न गटाला व्याज ३ टक्के. व्यावसायिक आणि नोकरीला उपयोगी अभ्यासक्रमांसाठी ही योजना आहे. दुसऱ्या पदवीच्या अर्जासोबत 'हा कोर्स नोकरीचा आहे' हे दाखवणारी कागदं जोडावीत, आणि जिल्हा कार्यालयात निधी आहे का ते आधी विचारावं. फाइल हलायला वेळ लागतो, हे धरूनच चाला.

बँकांचं साधारण असं की साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. आणि आपल्या लोकांकडे असते ती शेतजमीन, जी बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण म्हणून घेत नाहीत. घर, एनए प्लॉट, एफडी चालते. पाच एकर बागायत असलेला माणूस बँकेतून रिकाम्या हाताने येतो आणि तीन खोल्यांचं पक्कं घर असलेल्याला कर्ज मिळतं, हे मी पाहिलं आहे. बँक मॅनेजर हाही प्रश्न विचारतो : एकदा पदवी झाली, आता परत का? याचं उत्तर मुलाने स्वतः द्यावं, वडिलांनी नाही.

व्याजाचा मसला बऱ्याच घरांत निघतो. मी मुफ्ती नाही, आपापल्या आलिमांना विचारावं. एवढं मात्र पाहिलं आहे की काही घरं मामू-चाचांकडून बिनव्याजी रक्कम उभी करतात. तसं करणार असाल तर कुणी किती दिले, कधी परत करायचे, हे कागदावर लिहून सह्या घ्या. व्हिसाच्या वेळीही पैसा कुठून आला ते दाखवावं लागतं.

कागदपत्रं, आणि आपल्या नावांचा घोळ

मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद. तो कॉलेज देत नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेकांचं काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे असतं, सोलापुरात शिकलेल्यांचं तिथल्या विद्यापीठाकडे. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर मिळतं, तोवर तात्पुरत्या प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. काही देशांना अपोस्टिल लागतं. भारत २००५ पासून त्या करारात आहे. राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असा क्रम असतो.

आता नाव. आमच्या वर्गातल्या हजेरीपटावर एकाच आडनावाची 'शेख'ची तीन-चार इंग्रजी स्पेलिंग सापडतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. मुलींच्या बाबतीत कुठे 'बेगम', कुठे 'बी', कुठे काहीच नाही. लग्नानंतर आधार बदललं असेल तर आणखी एक नाव. गावात याने काही अडत नाही. जर्मनीचा एपीएस किंवा व्हिसाचा अधिकारी मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत का, असं विचारतो.

माझा सल्ला : दहावीच्या मार्कशीटवरचं नाव मूळ धरा आणि पासपोर्ट त्याप्रमाणे काढा. बाकी कागदांत फरक असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. नावच बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. हे सगळं अर्जाच्या निदान सहा महिने आधी. उर्दू शाळेत नाव घालतानाच पालकांनी स्पेलिंग नीट पाहावं, ही विनंती मी दर जूनमध्ये करतो. शिक्षक म्हणून आमचीही त्यात चूक असते, घाईत नावं आम्हीच लिहितो.

पहिली पदवी लपवू नका

काही एजंट सांगतात, "बारावीवरच अर्ज करू, पदवीचं बोलूच नका, गॅप दाखवू." आमच्या गावातल्या एका मुलाला मोठ्या शहरातल्या एका कन्सल्टन्सीने हेच करायला लावलं. बारावीनंतरची तीन वर्षं कुठे गेली, याचं उत्तर त्याला देता आलं नाही. व्हिसा नाकारला गेला, कन्सल्टन्सीने फी परत केली नाही.

युकासच्या अर्जात आधीचं सगळं शिक्षण लिहावं लागतं. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. आणि लपवण्यासारखं त्यात आहे काय? तीन वर्षं नियमित शिकून, रोज बसचा प्रवास करून पास झालेली मुलगी अभ्यास तडीस नेते, याचा तो पुरावा आहे.

फक्त कारण नीट सांगता आलं पाहिजे. 'मला विदेशात उज्ज्वल भविष्य घडवायचे आहे' असली वाक्यं सगळेच लिहितात. बीकॉमच्या त्या मुलीला मी विचारलं, नर्सिंगच का? ती म्हणाली, दादी दोन वर्षं अंथरुणावर होती, तिचं ड्रेसिंग, औषधं, साखर तपासणं मीच करायचे, आणि बीकॉमच्या वर्गात बसून मला त्याचीच आठवण यायची. मी म्हटलं, हेच लिही. त्याला जोडून लिही की बीकॉममधलं काय तुला तिथे उपयोगी पडेल, हा कोर्स भारतात का नाही, तिथेच का, आणि झाल्यावर काय करणार. चार प्रश्नांची चार खरी उत्तरं. एजंटाने लिहून दिलेला निबंध मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

परत आल्यावर

परदेशी पदवी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला चालावी म्हणून तिची समकक्षता घ्यावी लागते. यूजीसीने त्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम काढले. अर्ज ऑनलाइन होतो. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर यांचं मात्र त्या-त्या परिषदेकडे पाहावं लागतं. कायद्याची परदेशी पदवी असेल तर बार कौन्सिलने मान्य केलेल्या विद्यापीठांची यादी आधी पाहा. सनदेआधी त्यांची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. हे सगळं जायच्या आधी तपासायचं आहे, आल्यावर नाही.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतील तर आत्ता पासपोर्ट आणि नावाची दुरुस्ती, दिवाळीपर्यंत ट्रान्सक्रिप्ट आणि आयईएलटीएस, जानेवारीच्या आत अर्ज, उन्हाळ्यात कर्ज आणि व्हिसा. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे फार आधी देण्यातही अर्थ नाही.

बीकॉमची ती मुलगी सध्या जर्मनचे धडे गिरवते आहे. विद्यापीठातली पदवी की आउसबिल्डुंग, म्हणजे शिकता शिकता पगार देणारं तिथलं नर्सिंगचं प्रशिक्षण, हे तिने अजून ठरवलेलं नाही. दुसऱ्या पर्यायात पदवी मिळत नाही, पण ब्लॉक्ड अकाउंटचा डोंगरही सहसा राहत नाही. तिच्या अब्बांना तोच बरा वाटतो. तिला पदवीच हवी आहे. रमजान ईदनंतर दोघं पुन्हा यायचे आहेत, तोवर तिला बी-१ ची परीक्षा द्यायला सांगितलं आहे.